रेटी लोकांच्या घरात पप्पांचा पाय

मुलुंडच्या डॉक्टरांनी पप्पांना घालून दिलेला नियम एकच होता आणि आमच्या घरात तो सगळ्यांना पाठ होता: अनवाणी पाय जमिनीला लावायचा नाही. घरात नाही, मोरीत नाही, पलंगावरून उठून पाणी प्यायला जायचं असलं तरी नाही. साखरेमुळे पप्पांच्या दोन्ही तळपायांची जाणीव गेली होती. डाव्या पायाचा अंगठा आधीच कापावा लागला होता, आणि तोही कशामुळे, तर बुटाच्या तळातून वर आलेल्या एका बारीक खिळ्यामुळे. विक्रोळी स्टेशनपासून आमच्या वसाहतीपर्यंत पप्पा तो खिळा पायात घेऊन चालत आले. वाटेत मेथी घेतली, खालच्या कट्ट्यावर क्रिकेटवरून वाद घातला, वर येऊन चहा प्यायले. आईने मोजा ओढला तेव्हा तो पायाला चिकटलेला होता. "पुढच्या वेळी अंगठ्यावर भागेलच असं नाही," डॉक्टर म्हणाले होते. "पाऊल जाईल. घोट्यापर्यंत."

घरात चपला घालून वावरणं पप्पांच्या जिवावर यायचं. आम्हा भावंडांना उंबऱ्याबाहेर चपला काढायला लावण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनाच आता स्वयंपाकघरात सँडल घालून उभं राहावं लागत होतं. आई म्हणायची, "घाला मुकाट्याने. पायापुढे कसलं आलंय वळण." ते घालायचे. पण बुद्धाच्या मूर्तीसमोर मेणबत्ती लावायची वेळ आली की मला पुढे करायचे. "तू लाव गं, माझ्या पायात आहे," एवढंच म्हणायचे आणि मागे सरकायचे.

मी दिंडोशीच्या कोर्टात स्टेनो आहे. दिवसभर लोकांच्या सबबी टाइप करून माझा स्वभाव तिरसट झालाय असं आईचं मत. खरं तर तो आधीपासूनच तसा होता, कोर्टात त्याला फक्त खुर्ची मिळाली. धाकट्या भावाने आम्हाला ऑस्ट्रियाला बोलावलं तेव्हा पप्पांच्या पायाची जबाबदारी साहजिकच माझ्यावर आली. आई विमानाला घाबरते, ती आलीच नाही. निघताना तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "फोटोबिटो नकोत मला. त्यांना दोन्ही पायांवर परत आण."

मीही ती जबाबदारी हवालदारासारखी पार पाडली. सकाळी बूट उलटे करून झटकायचे, आत हात घालून चाचपायचे. संध्याकाळी पप्पांना पलंगावर बसवून आरशात दोन्ही तळवे बघायचे. पप्पा वैतागायचे. "अगं, आरोपी आहे का मी?" म्हणायचे. मी म्हणायचे, "जामिनावर आहात. गप बसा."

भाऊ तिथल्या डोंगरातल्या एका लहान गावात राहतो, रोपवेची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्याने पप्पांना हौसेने सगळं दाखवलं, बर्फ, तळं, ढगांवर जाणारा रोपवे. पप्पा प्रत्येक ठिकाणी "छान, छान" म्हणाले, पण वह्या तपासताना म्हणायचे त्या सुरात. पालिकेच्या शाळेत इतिहास शिकवून ते निवृत्त झाले होते. नुसता डोंगर बघून त्यांचं पोट भरत नाही, तिथे कोण राहत होतं ते त्यांना लागतं. मग एकदा बसमधून येताना त्यांना रस्त्याच्या कडेला पाटी दिसली. शेजारच्या गावात एक छोटं संग्रहालय होतं. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी या डोंगरांत राहणाऱ्या रेटी नावाच्या लोकांचं. पप्पा सीटवर ताठ बसले.

"हे माहीत आहेत मला," ते म्हणाले. "म्हणजे नाहीतच माहीत. रोमनांनी आल्प्समधल्या टोळ्या जिंकल्या, एवढंच शिकवलं मी. कुठल्या टोळ्या सर, असं पोरांनी विचारलं की म्हणायचो, पुढे वाचा."

परत निघायच्या आदल्या दिवशी भाऊ कामावर गेला आणि आम्ही दोघं बसने तिकडे गेलो. संग्रहालय म्हणजे उताराला टेकलेलं एक लाकडी घर. काउंटरवर माझ्याच वयाची एक बाई, तोडकं पण स्वच्छ इंग्रजी बोलणारी. दुसरं कोणी आलेलंच नव्हतं, त्यामुळे ती उठून आमच्याबरोबर फिरायला लागली. काचेच्या कपाटांत ब्राँझचे बोटभर घोडे होते, लोखंडाच्या लांबलचक किल्ल्या होत्या, देवाला वाहताना आगीत टाकलेल्या भांड्यांचे काळे तुकडे होते. हरणाच्या शिंगावर कोरलेली अक्षरं होती. अक्षरं वाचता येतात, पण अर्थ फारसा लागत नाही, असं बाई म्हणाली. या लोकांबद्दल जे काही लिहिलेलं सापडतं ते बहुतेक रोमनांनी लिहिलेलं.

पप्पा हसले. "म्हणजे ज्यांनी तुडवलं त्यांनीच चरित्र लिहिलं. सांग तिला, आम्हाला हे नवीन नाही."

मी जमेल तसं सांगितलं. बाई क्षणभर पप्पांकडे बघत राहिली आणि मग तीही हसली. पप्पा एकदम खुलले. मी त्यांना इतकं खुललेलं अंगठा गेल्यापासून पाहिलं नव्हतं, आणि मला बरं वाटलं हे इथे सांगून टाकते.

खालच्या अंगाला या लोकांच्या एका घराचा खणून काढलेला पाया होता, वर छप्पर घालून जपलेला. जिना उतरला की दार, दाराच्या आत घर. तेवढ्यात मला भावाचा फोन आला. विमानातल्या जागांचा काहीतरी घोळ झाला होता. बाईला काउंटरवरच्या फोनने बोलावलं. पप्पा म्हणाले, "तुमचं चालू द्या, मी खाली बघून येतो."

"पप्पा, बूट."

"आहेत गं पायात. दिसत नाहीत का?"

भावाशी बोलणं लांबलं. त्याला पप्पांना खिडकीजवळ बसवायचं होतं, मला ते कडेला हवे होते, पाय लांब करता यावा म्हणून. दोघांची नेहमीसारखी जुंपली. फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की खालून काहीच आवाज येत नाहीये. पप्पांना एकट्याने बघायची सवय नाही. काही आवडलं की ते हाक मारतात.

मी जिना उतरले. दारापाशी भिंतीलगत चिखलाने माखलेल्या बुटांची रांग होती, उत्खनन करणाऱ्यांचे जाडजूड बूट. आणि त्या रांगेच्या शेवटी, टाचा भिंतीला लावून, पप्पांचे काळे बूट. मोजे व्यवस्थित आत खोचलेले.

काय झालं असणार ते मला त्याच क्षणी कळलं, कारण तिथे मी असते तर कदाचित माझाही हात बुटाकडे गेला असता. दाराबाहेर चार पादत्राणं दिसली की आपण विचारत नाही, आपली काढतो.

मी "पप्पा!" अशी हाक मारली. उत्तर नाही. त्या लोकांची घरं अर्धी जमिनीत असायची आणि आत शिरायचा रस्ता दोन दगडी भिंतींमधून जाऊन काटकोनात वळायचा. त्यामुळे आतलं काही दिसेना. पायाखाली पांढुरक्या लाकडाच्या फळ्या टाकल्या होत्या. वळण घेतलं तेव्हा त्यांच्यावर ओले डाग दिसले. चिखल असेल, असं मी मनाला सांगितलं. दोन पावलं पुढे गेल्यावर उजेड नीट पडला आणि डाग लाल दिसले. डाव्या पावलाचे ठसे, एकापुढे एक, आतल्या बाकाकडे जाणारे. त्या ठशांना अंगठा नव्हता.

त्या बाकावर पप्पा बसले होते. समोर दगडांनी मांडलेली चूल, बाजूला एक फुटकं मडकं. दोन्ही हात मांडीवर. डाव्या पायाखाली फळीवर थारोळं साचत होतं आणि ते शांतपणे त्या मडक्याकडे बघत होते.

"ये," ते म्हणाले. "इथे चूल होती त्यांची."

"पप्पा, पाय! पायाकडे बघा!"

त्यांनी खाली पाहिलं, शेजाऱ्याचं काहीतरी सांडलंय असं. मग पाय उचलला आणि मला तळवा दिसला. चवड्याखाली आडवा चिरला होता, उघडा. फळ्या आणि चूल यांच्यामध्ये जुन्या फरशीचे पातळ, काळे दगड होते. त्यांतल्या एकाच्या कडेला रक्त होतं. पप्पा फळीवरून उतरून त्या दगडांवर उभे राहिले होते.

मी इतक्या मोठ्याने ओरडले की बाई धावत आली. आधी ती पांढरी पडली, मग गुडघ्यांवर बसून तिने गळ्यातला स्कार्फ काढला आणि जखम घट्ट दाबून धरली. "दुखतंय का?" तिने पप्पांना विचारलं. पप्पा ओशाळल्यासारखे म्हणाले, "नो, नो." त्या 'नो'ने ती आणखीच घाबरली.

"बूट का काढले?" मी मराठीतच खेकसले.

"बाहेर सगळ्यांनी काढले होते ना," पप्पा म्हणाले. "कोणाच्या घरात शिरायचं तर..."

मी बाईला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. तिला वाईट वाटलं, आणि मला मात्र तिचा राग आला, त्या चिखलाच्या बुटांचा राग आला, दोन हजार वर्षांपूर्वी ती फरशी घालणाऱ्याचासुद्धा राग आला. पप्पांचा सगळ्यात जास्त. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ समोर बाकावर बसून माझी समजूत काढत होता, "एवढं काही नाही गं."

बाईने संग्रहालय बंद केलं आणि स्वतःच्या गाडीतून आम्हाला डॉक्टरांकडे नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जखम धुतली, टाके घातले, आणि पप्पांना नाही, मला सांगितलं की जखम खोल आहे, साखरेच्या माणसाला हे चांगलं नाही. भाऊ कामावरून धावत आला. इथेच थांबा, असं तो म्हणाला. पप्पांनी मान हलवली. "मला मुलुंडला न्या. माझा पाय त्या डॉक्टरांना माहीत आहे."

विमानात पप्पांचा पाय माझ्या मांडीवर होता. ताप आहे का म्हणून मी त्यांचं कपाळ चाचपत होते, झोपल्याचं सोंग करत ते माझ्याकडे बघत होते. घरी पोचेपर्यंत पट्टीच्या वरचा भाग तापला होता आणि त्वचा चकचकीत ताणली होती. दार उघडल्यावर आईने आधी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती मला काही बोलली नाही. बोलली ती पप्पांना, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं.

"घरात मूर्तीपुढे घालून फिरता आणि तिकडे परक्यांच्या चुलीपुढे काढल्यात? कोण लागत होते ते तुमचे?"

मुलुंडच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि खोलीत वास पसरला. एरवी डॉक्टर फार बोलतात, पप्पांची थट्टा करतात. त्या दिवशी ते बोलेनात. एका सळईने त्यांनी जखमेत खोल चाचपलं, पप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, आणि मला ऐकू आला तो आवाज कडक वस्तूला कडक वस्तू लागल्याचा होता. डॉक्टरांनी मला बाहेर नेलं. जखम हाडापर्यंत गेली होती. हाड कुठवर सडलंय हे उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. थोडकंच असेल तर बोटं काढून भागेल. नाहीतर घोट्यापर्यंत. आत काय दिसतं त्यावर ठरवू.

पप्पांना दाखल केलं आणि वॉर्डात माणसांची रीघ लागली. वसाहतीतले शेजारी, विहारातली मंडळी, पप्पांचे जुने विद्यार्थी, ज्यांच्या डोक्याला आता टक्कल पडलंय. गोष्ट त्यांच्याआधी पोचलेली होती. "सर तिकडेसुद्धा बूट काढून आत गेले," एकमेकांना सांगायचे. "बघा, संस्कार म्हणतात ते हेच." एकजण म्हणाला, "यार, आपल्याला नसतं सुचलं." पप्पा उशीला टेकून ऐकत राहायचे. कोणी फारच कौतुक केलं की पाणी मागायचे.

मला काहीतरी खटकत होतं. कोर्टात एखादी साक्ष फारच गुळगुळीत उतरली की माझी बोटं टाइप करताना आपोआप मंदावतात. बाहेर बूट दिसले म्हणून काढले, ठीक. पण फळ्या सोडून खाली दगडावर का उतरले? मी विचारलंही. पप्पा म्हणाले, "चूल जवळून बघायची होती." आणि कूस वळवली.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना नेताना मी स्ट्रेचरच्या बरोबर चालत दारापर्यंत गेले. पप्पा वर छताकडे बघत होते. आई मागे बाकावर बसून राहिली. दार बंद झालं. मी उभीच होते. मला बसवेना, कारण बसले की आईचे शब्द आठवत होते, दोन्ही पायांवर परत आण. आई तोपर्यंत मला एकदाही टाकून बोलली नव्हती, आणि ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. आत नक्की काय दिसलं असेल, करवत सुरू झाली असेल का, घोट्याला की बोटांना, हेच डोक्यात घुमत होतं. बराच वेळ गेल्यावर आईने हात धरून मला खाली ओढलं.

"बस," ती म्हणाली. "तू काय त्यांच्या पायाला बांधलेली होतीस?"

मग डॉक्टर बाहेर आले. टोपी काढून घाम पुसला. उरलेली चारही बोटं आणि चवड्याचा थोडा भाग काढावा लागला होता. पाऊल राहिलं होतं. टाच शाबूत होती. खास बूट करून घेतला की चालतील, सावकाश, पण स्वतःच्या पायाने. आईने पदर तोंडाला लावला आणि इतके दिवस न रडलेली बाई तिथे कॉरिडॉरमध्ये हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई मऊ भात आणायला घरी गेली होती. वॉर्डात पंखा कुरकुरत होता, पप्पा जागे होते. मी खुर्ची ओढून त्यांच्या पायांशी बसले होते. डाव्या पायावर जाड पट्टी, उजवा चादरीबाहेर.

"लोकांना आता सांगू नकोस गं ते," पप्पा एकदम म्हणाले.

"काय?"

"संस्कारबिंस्कार."

मी चादरीचं टोक सरळ केलं.

"ते बूट कामगारांचे आहेत हे मला कळलं होतं," ते म्हणाले. "न कळायला काय झालं? फावडं होतं शेजारी. पण म्हटलं, बरं झालं, निमित्त मिळालं. तू वर होतीस. घरी तू आणि तुझी आई मला एक क्षण सोडत नाही."

"कशाचं निमित्त?"

"बघायचं होतं." त्यांनी दोन्ही हात छातीवर ठेवले. "तिथे गारठा होता ना. मला तोंडाला लागत होता, हाताला लागत होता. म्हटलं, एवढा गार दगड आहे, इतक्या माणसांनी पाय घासलेला, त्याच्यावर उभं राहून बघू. काहीतरी लागेल. थोडं तरी."



"मग?"

"उभा राहिलो. डोळे मिटले. काहीच नाही. मग जरा जोर दिला, पाय घासून बघितला. तेव्हाच कापलं असेल. नाहीच लागलं." ते थांबले. "डॉक्टर सांगत होते, तू सांगत होतीस, पण मला आत कुठेतरी वाटायचं की आहे अजून. तिथे कळलं, गेलं ते. मग येऊन बाकावर बसलो. तू आलीस ना, तेव्हा मी त्या मडक्याकडे बघत नव्हतो गं. मला तुला हाक मारायची होती, पण आवाज फुटेना."

मला खूप रडू आलं. एवढ्या दिवसांचा राग कुठे गेला ते कळलंच नाही. काय बोलावं ते सुचेना म्हणून मी त्यांचं उजवं पाऊल दोन्ही हातांत घेतलं. कोरडं होतं, टाचेला भेगा, थोडं गारच. मी तळव्यावर अंगठा दाबला, जरा जोरात.

"लागतंय का पप्पा?"

पप्पांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले.

"नाही," ते म्हणाले. "पण धर."